टॉगल, चौकोन आणि आमचं विक्रीला निघालेलं घर

आमचं घर मी विकायला काढलं तेव्हा मी पूर्ण शुद्धीवर होतो, माझा चहा झालेला होता आणि डोळ्यांवर नवा चष्मा होता. हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढे आमच्या इमारतीत या घटनेच्या ज्या आवृत्त्या निघाल्या, त्यांतल्या पहिलीत मला चक्कर आली होती, दुसरीत माझं बायकोशी कडाक्याचं भांडण झालं होतं आणि तिसरीत आमच्या मुलाने गोड बोलून माझी सही घेतली होती. आम्हाला मुलगा नाही. तरी तिसरी आवृत्तीच सगळ्यांत जास्त खपली.

खरं कारण एवढंच, की मी एक टॉगल सरकवलं. आणि ते टॉगल तिथे असण्याचं कारणही मीच.

झालं असं, की आमच्या चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीचा कारभार जिन्याखालच्या सूचनाफलकावरून उचलून फोनवर न्यायचं सेक्रेटरींनी ठरवलं. अ‍ॅप करून देणार होती त्यांची भाची. ही मुलगी फोनच्या स्क्रीनवर कुठलं बटण कुठे ठेवायचं आणि ते कसं दिसायला हवं, हे ठरवण्याचं काम करते. असं काम असतं आणि त्याचा पगारही मिळतो, हे मला साठीनंतर कळलं. आमच्या कचेरीत खुर्ची कुठे ठेवायची हे ठरवायलाच तीन वर्षं लागली होती आणि त्याचा पगार आम्हा सगळ्यांना मिळाला होता, त्यामुळे मला तिच्याविषयी लगेच आपुलकी वाटली.

सभेत तिने दोन नमुने दाखवले. दोन्हींत ‘माझे घर’ नावाचं एक पान होतं आणि त्यावर सहा ओळी : आम्ही बाहेरगावी आहोत, पेपर नको, गच्चीची किल्ली हवी, घरात प्राणी आहे, घर भाड्याने देणे आहे, घर विकणे आहे. पहिल्या नमुन्यात प्रत्येक ओळीपुढे एक चौकोन होता. त्यात बरोबरची खूण करायची आणि सगळं झालं की तळाशी ‘सादर करा’ हे बटण दाबायचं. दुसऱ्या नमुन्यात चौकोनाच्या जागी टॉगल होतं, म्हणजे छोट्या कॅप्सूलसारखी एक खाच आणि तिच्यात इकडून तिकडे सरकणारा गोळा. सरकवला की हिरवा.

“काका, फरक दिसण्यात नाही, वागण्यात आहे,” भाची म्हणाली. ती सगळ्यांशी बोलत होती, पण पहिल्या रांगेत मी बसलो होतो. “चौकोनात खूण केली तरी लगेच काही होत नाही. ‘सादर करा’ दाबेपर्यंत तुम्हाला विचार बदलता येतो. टॉगल म्हणजे भिंतीवरचं बटण. सरकवलं की लागलं. मधे विचारायला कोणी नाही.”

मी उठलो. सभेत उठायची मला गरज नसते, पण सवय आहे.

“भगिनी आणि बंधूंनो,” मी म्हणालो, “खोलीत अंधार झाला की आपण दिव्याचं बटण दाबतो. दाबल्यावर दिवा आपल्याला विचारतो का, की आपण हा अर्ज सादर करू इच्छिता काय? मी एकोणचाळीस वर्षं अर्ज सादर करून घेण्यात घालवली. सादर झालेल्या अर्जांचं पुढे काय होतं, ते मला माहीत आहे. आता या वयात, माझ्याच फोनवर, माझ्याच घराविषयी, मी मलाच अर्ज करणार नाही!”

टाळ्या पडल्या. शेजारच्या ब्लॉकमधल्या दातांच्या डॉक्टरांनी तर उभं राहून टाळ्या वाजवल्या. नंतर कळलं की त्यांना निघायचं होतं.

“सगळ्यालाच टॉगल?” भाचीने विचारलं. “पेपर नको, याला ठीक आहे. पण घर विकणे आहे, यालाही?”

“सगळ्याला,” मी म्हणालो. “भेदभाव नको.”

तिने वहीत काहीतरी लिहिलं. मला तेव्हा वाटलं, ठराव लिहिला असेल.

मग सेक्रेटरींनी त्यांचं जुनं दुखणं काढलं. लोक घर विकायला काढतात, चार दिवस माणसं जिन्यात वर-खाली करतात, आणि मग म्हणतात विचार बदलला. याला आळा हवा. म्हणून असं ठरलं की घर विक्रीतून मागे घ्यायचं तर मात्र रीतसर नमुना भरावा लागेल. त्याचा मसुदा कोण करणार? सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी दोन दिवस बसून अकरा कलमांचा नमुना तयार केला. प्रत्येक कलमापुढे चौकोन. जाता जाता एक नियमही घातला, की विक्रीस खुले असलेले घर सकाळी अकरा ते एक या वेळात दाखवण्यास मालक नकार देणार नाही. भाषा अशी कसलेली, की वाचताना मलाच माझा धाक वाटला.

तीन आठवड्यांनी अ‍ॅप सुरू झालं. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे सोमवारी, माझी बायको तिच्या बहिणीकडे गेली. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. “रविवारी येते,” ती म्हणाली. “नळाखालची बादली रिकामी करत जा. आणि काही विकत आणू नका.” विकू नका, असं ती म्हणाली नव्हती. पण हा मुद्दा मी पुढे कुठेही मांडला नाही, कारण मांडण्यासारखी वेळच आली नाही.

मंगळवारी अकराच्या सुमारास समोरच्या मुख्याध्यापिकाबाई आल्या. बाई निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण त्या अजूनही बेल अशी वाजवतात की आपण वर्गात जाऊन बसावं. त्यांना गच्चीची किल्ली हवी होती आणि फोनला हात लावायची भीती वाटत होती.

“चुकून दुसरंच काही दाबलं तर?” बाई म्हणाल्या.

“दाबून काही होत नसतं हो, बाई,” मी म्हणालो. “हे बघा माझं पान. हे सरकवलं, पेपर नको. परत सरकवलं, पेपर हवा. भीती कसली त्यात? हे बघा, घर विकणे आहे, हेसुद्धा सरकवून दाखवतो.”

आणि मी सरकवलं. गोळा हिरवा झाला. आम्ही दोघं त्याच्याकडे पाहत राहिलो.

“आता?” बाईंनी विचारलं.

“आता काही नाही. जोवर आपण सादर करत नाही, तोवर हे सगळं कच्चं असतं.”

मी ‘सादर करा’ शोधायला लागलो. खाली गेलो, वर आलो. बटण नव्हतं. आता ते नसणारच. भर सभेत दिव्याचा दाखला देऊन ते मीच काढायला लावलं होतं. पण त्या घटकेला ते मला आठवलं असेल तर शपथ. एकोणचाळीस वर्षांची सवय अशी की भाषण तोंडातून जातं, हातात शिरत नाही. आमच्या कचेरीत एखादा माणूस अर्ज भरून, तिकीट लावून, रांगेत उभा राहून, खिडकीशी पोचून, अर्ज न देताच परत फिरला, तर त्याने अर्ज केलाच नाही, असं धरत. मी त्याच न्यायाने फोन बंद केला आणि खिशात घातला.

“झालं रद्द,” मी म्हणालो.

बाईंना ते पटलं. जाताना म्हणाल्या, “तुमच्याकडून शिकावं.”

वीस मिनिटांनी दार वाजलं. दारात दातांचे डॉक्टर. हातात मोजपट्टी.

“बोललात नाही ते!” ते म्हणाले आणि सरळ आत आले. आमची आणि त्यांची भिंत एकच आहे. त्या भिंतीवर त्यांनी बोटांनी टकटक केलं, ते रुग्णाच्या दाढेवर करत असावेत तसं. “ही पोकळ आहे. सहज निघेल.”

“काय निघेल?”

“भिंत. माझा हॉल थेट तुमच्या खिडकीपर्यंत येईल. जरा हे टोक धरता?”

मी टोक धरलं. माणसाने मोजपट्टीचं टोक पुढे केलं की ते धरायचं, एवढा सभ्यपणा अंगात मुरलेला असतो. पट्टी अर्धी उलगडल्यावर मी विचारलं, “डॉक्टर, तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोणी म्हणजे? अ‍ॅपने! सगळ्यांना आलंय.” त्यांनी फोन दाखवला. त्यावर आमचा ब्लॉक नंबर, त्याखाली ‘विक्रीस खुले’ आणि शेजारी टाळ्या वाजवणारे दोन पिवळे हात.

माझ्या हातून पट्टी सुटली. ती सर्रकन डॉक्टरांच्या बोटांवर जाऊन आदळली आणि ते ओरडले. दातांचा डॉक्टर ओरडताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्या एखाद्या दिवशी मला त्याचा आनंद झाला असता.

मी भाचीला फोन केला. शक्य तितक्या सहज आवाजात म्हणालो, “एक तात्त्विक शंका होती. समजा, एखाद्या माणसाने…”

“काका, तुमचं मला दिसलं,” ती म्हणाली. “मला वाटलं खरंच विकताय.”

“मी बाईंना दाखवत होतो! सादर कुठे केलं मी?”

ती हसत नव्हती, एवढं मी तिच्या बाजूने सांगेन. निदान आवाज येऊ दिला नाही.

“काका, टॉगलला सादर नसतं.”

“मग उलटं सरकवतो.”

“ते नाही सरकणार. मागे घ्यायला नमुना आहे ना. अकरा चौकोन. आणि घर दोघांच्या नावावर असेल तर काकूंनाही त्यांच्या फोनवरून संमती द्यावी लागेल.”

“हा मूर्खपणा कोणाच्या डोक्यातून निघाला?”

“कलम नऊ,” ती हळूच म्हणाली. “तुमचा मसुदा आहे, काका.”

नमुना उघडला. पहिली सात कलमं मी पटापट खुणा करत गेलो. आठव्याला अडलो. आठवं कलम असं : ‘वरीलपैकी एकही विधान मला मान्य नाही असे नाही, याविषयी माझी हरकत नसल्याचे मी नाकारत नाही.’ खूण केली तर घर राहतं की जातं, हे कळेना. तीनदा वाचलं. कागदावर मांडून पाहिलं. हे वाक्य लिहिल्यावर मी स्वतःच्या पाठीवर थाप मारली होती, हे मला स्पष्ट आठवत होतं. अर्थ मात्र आठवत नव्हता. शेवटी भीतभीत खूण केली आणि नवव्याशी आलो. तिथे बायकोचं नाव होतं आणि पुढे रिकामा चौकोन, माझ्या बोटाने न भरणारा.

आता तुम्ही म्हणाल, करायचा होता फोन आणि सांगायचं होतं. ज्यांचं लग्न नवीन आहे त्यांना असं वाटतं. हे घर तिने निवडलेलं. एकतीस वर्षांपूर्वी सतरा घरं पाहून, सोळांना नाक मुरडून. आणि मी? नळ गळला की मी म्हणायचो, “विकून टाकू एकदाचं.” वरच्यांनी फर्निचर सरकवलं की, “विकून टाकू.” जिना चढून दम लागला की तेच. आता ती चार दिवस घराबाहेर गेल्यावर घर विकायला निघालं, ते गोळा सरकून निघालं, यावर तिने का विश्वास ठेवावा? मीच ठेवला नसता. तिचा फोन कायम पर्सच्या तळाशी, छत्रीच्या खाली पडलेला असतो, त्यावरचे निरोप ती महिना महिना वाचत नाही, एवढाच काय तो आधार होता.

तरी मी बुधवारी फोन केला. हिय्या करून.

“हॅलो. काय करतेस?”

“ताईला फिरवतेय. तुम्ही?”

“मी… साखर कुठे आहे गं?”

“साखरेच्या डब्यात.”

“अच्छा. बरोबर आहे.”

“आणखी काही सांगायचंय?”

“नाही. गुडघ्याला जप म्हणावं.”

गुरुवारी कात्री विचारली. शुक्रवारी जुना टॉवेल. दर वेळी ती जागा सांगायची आणि दर वेळी विचारायची, “आणखी काही सांगायचंय?” आणि मी म्हणायचो, नाही.

इकडे अकरा ते एक माणसं येत होती. विकायचं नाही, असं दारातूनच सांगून परतवावं, तर माझाच नियम आडवा. शिवाय तसं सांगणं म्हणजे टॉगलच्या कैवाऱ्यालाच टॉगल कळलं नाही, हे चाळीस बिऱ्हाडांत जाहीर करणं. बाईंनाही मी गप्प बसायला सांगितलं होतं. त्या गप्प बसल्या. म्हणजे विचारल्याशिवाय कोणाला सांगितलं नाही, आणि विचारायला रोज दहा जण येत होते. त्यांच्या घरून निघालेला सल्ला मग जिन्यातून माझ्याकडे यायचा. तळमजल्यावरचे म्हणाले, वृद्धाश्रमात जायचं तर आधी जेवण चाखून बघा. वरच्या वहिनी म्हणाल्या, भावजी, भांडण झालं असेल तर मिटवा, घर कशाला मोडता. सेक्रेटरी तर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “मुलाच्या नादी लागून सही करू नका.”

“मला मुलगा नाही.”

“तेच म्हणतो मी,” ते म्हणाले. “आता नाहीच म्हणायचं.”

मग मी युक्ती केली. घर दाखवायचं, पण असं दाखवायचं की येणारा पळाला पाहिजे. पहिलं जोडपं आलं तेव्हा मी दारातच सांगितलं, “नळ गळतो.”

“आमचाही गळतो,” नवरा म्हणाला.

“वरचे लोक फर्निचर सरकवतात. शेजारी डॉक्टर आहेत, त्यांचा आवाज मोठा आहे.”

“माणसं हवीतच हो आजूबाजूला,” बायको म्हणाली. “हॉल कुठे आहे?”

“आपण उभ्या आहात तोच.”

ती हसली. तिला वाटलं मी विनोद केला. मग तिने वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि म्हणाली, “चालेल.”

चालेल! एकतीस वर्षांच्या घराला ‘चालेल’! मी स्वतःच घराला नावं ठेवत होतो, हे खरं, पण तिने होकार द्यायचा तर जरा अदबीने द्यायला काय झालं होतं? पुढचा गृहस्थ नळ उघडून, हात धुऊन, माझ्याच टॉवेलला पुसून निघून गेला. त्याच्या नंतरचा म्हणाला, फरशी काढून टाकू, खिडक्या काढून टाकू, दारं बदलू. मी म्हणालो, मग तुम्ही घेताय काय? तो म्हणाला, पत्ता. डॉक्टर रोज सकाळी भिंतीवर टकटक करून जात होते. शुक्रवारपर्यंत माझी भूक मेली. आपल्या घराकडे परका माणूस बघतो तेव्हा ते घर एकदम परक्यासारखं दिसायला लागतं. ही डागळलेली फरशी आपली? हा दाराचा पोपडा इतका मोठा होता?

शनिवारी बाराला एक बाई आल्या. उंच, सडसडीत, हातात वही. एकही शब्द न बोलता घरभर फिरल्या आणि प्रत्येक खोलीत थांबून लिहीत गेल्या. मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. नळ, फर्निचर, डॉक्टर. त्यांनी तेही लिहून घेतलं. स्वयंपाकघराच्या दारात थांबून म्हणाल्या, “हे फारच लहान आहे.”

“लहान?” मी म्हणालो.

“ओटा बुटका. फळी खाली. खिडकीची कड उगाच रुंद, जागा खाल्लीय तिने.”

इथे माझी युक्ती संपली. खरं तर तिथेच टाळी द्यायची, ‘अगदी बरोबर बोललात’ म्हणायचं आणि बाईंना जिन्यापर्यंत पोचवून यायचं. पण मला काय झालं कुणास ठाऊक.

“उगाच नाही,” मी म्हणालो. “त्या कडेसाठी माझी बायको चार दिवस गवंड्याशी भांडलीय. तो म्हणायचा पाच बोटं पुरे, ही म्हणायची मला बसायचंय तिथे. बसते ती. रोज, एक पाय वर घेऊन, पेपर मांडीवर, भाजी पेपरवर, आणि शब्दकोडं सुटत नसलं की देठ त्या रिकाम्या घरात ठेवते. तिथून फाटक दिसतं. मी फाटकात दिसलो की ती चहा ठेवते. तीन जिने चढून मी दारात येतो तेव्हा कप भरलेला असतो. एकतीस वर्षांत मी या घरात चहाची वाट बघितलेली नाही. आणि ओटा बुटका नाही, तो तिच्या मापाचा आहे. फळीसुद्धा. तुम्ही उंच आहात. तुम्हाला हे घर जमायचं नाही.”

बाईंनी शेवटचं वाक्यसुद्धा लिहून घेतलं. “बरं,” म्हणाल्या आणि गेल्या. मी ओट्याशी उभा राहिलो. चहा करावासा वाटला, पण साखरेचा डबा समोर दिसला आणि जीव नकोसा झाला.

रविवारी दुपारी मी खिडकीच्या त्या कडेवर बसून फाटकाकडे बघत होतो. ती दिसली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात छत्री, चाल नेहमीची. मी चहा ठेवला. दार उघडलं तेव्हा हातात कप होता आणि अर्धा चहा बशीत.

तिने कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली.

“साखर सापडली वाटतं.”

“ऐक,” मी म्हणालो, “मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. तू आधी बस. म्हणजे, अजून तरी बसायला जागा आपलीच आहे.”

आणि मी सगळं सांगितलं. बाई, गच्चीची किल्ली, हिरवा गोळा, नसलेलं बटण, मोजपट्टी, आठवं कलम. ती कडेवर जाऊन बसली, एक पाय वर घेऊन, आणि चहा पीत ऐकत राहिली. मी थांबल्यावर तिने पर्स उघडली. छत्री बाहेर असल्यामुळे फोन लगेच सापडला.

“मंगळवारी अकरा वाजून वीस मिनिटं,” तिने वाचलं. “अभिनंदन. आपले घर विक्रीस खुले झाले आहे.”

मी खुर्ची शोधली.

“तुला मंगळवारपासून माहीत होतं?”

“सहमालकाला पहिला निरोप येतो म्हणे. तुमचंच कलम असणार.”

“मग बोलली का नाहीस?”

“मी रोज विचारलं, आणखी काही सांगायचंय का. तुम्ही कात्री विचारत होता.” तिने कप खाली ठेवला. “एकतीस वर्षं ऐकतेय मी, विकून टाकू, विकून टाकू. मला वाटलं, या वेळेला टाकलंच यांनी विकून. मी घरात नाही असं बघून. दोन दिवस ताईच्या गुडघ्याकडे माझं लक्ष नव्हतं. तिला उलट्या दिशेला फिरवत होते.”

ती हे हसत म्हणाली, पण तिची नजर फाटकाकडे होती.

“तुला वाटलंच कसं?” एवढंच मी म्हणालो.

“वाटलं. मग ताईच्या शेजारणीला म्हटलं, तू जाऊन बघून ये, हे नक्की काय करतायत. तिने शनिवारी येऊन सगळं वाचून दाखवलं.” तिने पर्समधून एक फाडलेला कागद काढला, वहीचा, आणि चष्मा वर केला. “नळ गळतो. फर्निचर. डॉक्टर. हे एवढं ऐकून मी पिशवीच भरायला घेतली होती. मग खाली हे. ‘ओटा बुटका नाही, तो तिच्या मापाचा आहे.’” तिने कागदाची घडी घातली. “आणि ‘तुम्ही उंच आहात’. ती बिचारी फार मनाला लावून घेऊन बसलीय. तिला पत्र लिहा.”

छातीवर पाच दिवस बसलेला एक दगड उठून गेला, असं म्हणायची पद्धत आहे. माझ्या बाबतीत तो उठताना भूक ठेवून गेला. मी लागोपाठ सहा बिस्किटं खाल्ली.

मग आम्ही दोन खुर्च्या जवळ ओढून तिच्या फोनवर नमुना भरायला बसलो. तिने आठवं कलम एकदा वाचलं. “हे कोणी लिहिलं ते विचारत नाही,” म्हणाली. नवव्या चौकोनाशी बोट थांबवून तिने मला विचारलं, “विकायचंय की नाही? तेवढं तोंडाने सांगा. मला या खुणांचा भरवसा नाही.”

“नाही.”

“नळ गळला तर?”

“प्लंबरला बोलावीन.”

“जिना चढून दम लागला तर?”

“मधल्या मजल्यावर उभा राहीन.”

तिने खूण केली. तळाशी मोठं, निळं, देखणं ‘सादर करा’ होतं. इतकं सुंदर बटण मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. ते तिनेच दाबलं. मिनिटभरात भिंतीपलीकडून डॉक्टरांच्या फोनची टिणटिण ऐकू आली आणि त्यामागून एक मोठा सुस्कारा. भिंत खरंच पोकळ आहे.

पुढच्या सभेत मी पुन्हा उठलो. या वेळी गरज होती. घर विकणे आणि घर भाड्याने देणे या दोन ओळींपुढे चौकोन असावा, ‘सादर करा’ असावं, आणि ते दाबल्यावर फोनने एकदा स्पष्ट विचारावं, असा ठराव मी मांडला.

“का हो?” मुख्याध्यापिकाबाई मागून म्हणाल्या. “दिवा लावताना आपण अर्ज करतो का?”

सभा पोट धरून हसली. मी हात जोडले. भाचीने तेवढ्यात नवा नमुना वर करून दाखवला. तो तिच्याकडे तयारच होता. पेपर, किल्ली, बाहेरगाव, प्राणी यांना टॉगल. ज्याचा पश्चात्ताप होऊ शकतो, त्याला चौकोन. तारीख मी हळूच पाहिली. पहिल्या सभेच्या रात्रीची होती. तिने वहीत काय लिहिलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

ठराव एकमताने झाला. डॉक्टर तटस्थ राहिले.

तेव्हापासून आमच्या घरात पद्धत बदलली आहे. मी अजूनही बोलतो. खुर्ची बदलू, रंग काढू, या माणसाला पुन्हा घरात घेऊ नका. बायको ऐकून घेते, चिडत नाही. “चौकोनात लिहून ठेवलंय,” म्हणते. पूर्वी मी काही बोललो की ते लगेच लागू होईल की काय, अशी तिला भीती वाटायची. आता तिला शांत झोप लागते आणि मलाही. खुणा मी करतो. सादर ती करते.